डॉक्टरबाईंचा बिस्किटांचा डबा

समस्त मराठी बंधुभगिनींना, आणि त्यातही लंडनच्या स्टॅनमोर भागातल्या भगिनींना, पूर्ण जबाबदारीने आणि पूर्ण शुद्धीवर राहून कळवण्यात येते की, मी माझ्या घरमालकिणीला पोहण्याच्या पोशाखात पाहिलेले आहे.

कृपया बसून घ्यावे. मीही त्या वेळी बसलोच होतो. वाळूत. आणि आपणहून नव्हे.

ही बातमी मी इतकी वर्षं पोटात ठेवली, स्टॅनमोरपर्यंत पोचू दिली नाही. इतर कोणीही पोचवली नाही, आणि ती का पोचवली नाही हे ओघात येईलच. गेल्या महिन्यात बाईच फोनवर म्हणाल्या, "लिही आता. पण माझं नाव घातलंस तर..." पुढची धमकी वैद्यकीय स्वरूपाची होती. म्हणून नाव नाही.

बाई मूळच्या नागपूरच्या. भूलतज्ज्ञ. इकडच्या हॉस्पिटलांत जन्म काढून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या. लंडनमधल्याच हाउन्सलोच्या त्यांच्या घरात तीन खोल्या भाड्याने दिलेल्या असत, आणि तिन्हींत आमच्यासारखे पुण्या-मुंबईचे सॉफ्टवेअरवाले. मी राहायला गेलो तेव्हा माझं काम जवळच, हीथ्रो विमानतळाच्या बाजूला होतं. तीन महिन्यांत कंपनीने मला बेसिंगस्टोकला पाठवलं, तरी मी रोज दोन गाड्या बदलून जात राहिलो. कारण घर सोडायचं तर बाईंना कारण सांगावं लागे, आणि ते त्यांना पटावं लागे. लांब पडतं, हे कारण त्यांना पटलं नव्हतं. "मी नागपूरहून आले," एवढंच त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी मी त्यांना लाघवीपणाने "मावशी" म्हणालो. बाईंनी चष्मा काढला.

"तुझ्या आईला बहीण आहे?"

"हो, दोन."

"मग तिसरी कशाला? मी तुझी घरमालकीण. मला डॉक्टर म्हणायचं."

तेव्हापासून तोंडावर डॉक्टर आणि पाठीमागे बाई.

हाउन्सलोच्या घरांवरून दर दीड मिनिटाला विमान उतरतं. एवढं खाली, की आतला माणूस कुठला पेपर वाचतोय ते दिसावं. बाकीचे लोक अशा वेळी ओरडून बोलतात. बाई वाक्याच्या मध्येच थांबत आणि आवाज ओसरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू होत. "तुला आंघोळीला लागणारा वेळ हा..." विमान. आपण भिजल्या केसांनी जिन्यात उभे. विमान जातंय, जातंय, गेलं. "...आजार असू शकतो."

फोडणीला फक्त शनिवारी परवानगी होती, दहा ते बारा, खिडकी उघडून. तशी पाटी होती स्वयंपाकघरात, मराठीत, प्लास्टिकमध्ये मढवलेली. हीटिंगची कळ बाईंच्या खोलीत. थंडी वाजते अशी तक्रार घेऊन गेलं की त्या आपल्याला खुर्चीत बसवत आणि म्हणत, "दहापासून उलटे मोज." आपण मोजायचं. दहा, नऊ, आठ. सातला त्या थांबवत. "सातच्या पुढे माझा एकही पेशंट गेला नाही. आता सांग, अजून वाजते थंडी?" वाजत असे. पण सांगायची छाती होत नसे. नोकरी गेली, व्हिसा अडकला, ठरलेलं लग्न मोडलं, सगळ्यांवर हेच औषध. आणि खरं सांगतो, त्या खुर्चीत सातपर्यंत आलं की काहीतरी सैल होत असे.

अशी ही बाई जगात कोणाला भीत नव्हती. फक्त स्टॅनमोरला.

स्टॅनमोर म्हणजे मराठी मंडळातल्या बायका. इथली बातमी नागपूरला पोचायला टपाल लागतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी स्टॅनमोर पाहिलेलं नाही. बाई इथे आल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी लांब शेपटा कापून केस खांद्यापर्यंत केले, ऑपरेशन थिएटरच्या टोपीत मावेनात म्हणून. शनिवारी कापले. पुढच्या पंधरवड्यात आईचं पत्र आलं. अकरा पानी. मंडळातल्या कोणीतरी कळवलं होतं. "त्यानंतर मी दर दोन वर्षांनी नागपूरला जात होते," बाईंनी मला एकदा कांदा चिरता चिरता सांगितलं. "आई माझ्याशी सगळं बोलायची. पण कपाळाच्या वर बघायची नाही. शेवटपर्यंत नाही बघितलं." मग एक विमान गेलं. ते गेल्यावर बाई त्याच शब्दापासून पुढे बोलल्या नाहीत. मी त्या घरात होतो तेवढ्या काळात असं एकदाच झालं.

दोन हजार सहाच्या डिसेंबरात एका रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. टेबलावर जगाचा नकाशा, हॉस्पिटलचं पत्र आणि बिस्किटांचा एक मोठा, गोल, पत्र्याचा डबा.

"मार्चमध्ये माझं हिपचं ऑपरेशन आहे," बाई म्हणाल्या. "हिपवाल्या म्हाताऱ्या मी शेकड्यांनी झोपवल्यात. सगळ्या उठतातच असं नाही. त्याआधी मला समुद्रात जायचंय. एकदा. गळ्यापर्यंत." आणि त्यांनी डबा उघडला.

आत पोहण्याचे चार पोशाख होते. चारही गडद निळे, पांढऱ्या किनारीचे. चारही कोरे, दुकानाच्या चिठ्ठ्यांसकट. पहिला त्यांनी इथे आल्यावर घेतला होता, केस कापले त्याच वर्षी. अकरा पानी पत्रानंतर तो डब्यात गेला. पुढे दर दहा-बारा वर्षांनी एक, दर वेळी एक माप वाढवून. एकही कधी अंगाला लागलेला नाही. सत्तावीस वर्षांच्या होईपर्यंत बाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता आणि पाहिल्यापासून त्याच्या काठावर उभ्या होत्या.

मला जो धक्का बसला त्याचं वर्णन मी करू शकत नाही. फोडणीला वेळापत्रक लावणाऱ्या बाईने माझ्यासमोर बेदिंग सूट उलगडून धरला होता!

"मग ब्रायटनला जाऊ," मी कसाबसा म्हणालो.

"डिसेंबरात? ऑपरेशनच्या आधीच मारतोस?"

"स्पेन?"

"तिथे माझ्या सगळ्या नर्सेस."

"गोवा?"

"तिथे सगळं नागपूर."

"मॉरिशस?"

"तिथे मराठी मंडळ आहे. मी चौकशी केलीय. गॅम्बिया बोलू नकोस, अर्धं हाउन्सलो थंडीत पॅकेज टूरने तिथे जातं." बाईंनी आफ्रिकेच्या पोटाखाली एका चिंचोळ्या पट्टीवर बोट ठेवलं. बोटाखाली अख्खा देश गेला. "टोगो. राजधानी लोमे. शहरच समुद्रावर आहे, मला फार चालायला नको. मंडळाच्या पंचवीस वर्षांच्या सगळ्या अंकांतली प्रवासवर्णनं काढून बघितली. तिथे आजवर एकही मराठी माणूस गेलेला नाही."

आदल्या उन्हाळ्यात त्या देशाचा संघ फुटबॉलच्या वर्ल्ड कपमध्ये खेळला होता. माझ्या ऑफिसात टोगोबद्दल तेवढीच माहिती होती, आणि माझ्याकडे तीही नव्हती.

"तू माझ्याबरोबर येणार. बॅग उचलायला आणि काठी धरायला."

"पण डॉक्टर, मीही मराठी आहे."

"तू मराठी नाहीस," बाई म्हणाल्या. "तू भाडेकरू आहेस."

जानेवारीत पॅरिसला विमान बदलून आम्ही लोमेला उतरलो. हवेत वाळवंटाकडून आलेली बारीक धूळ होती, त्यामुळे सूर्य दुधात टाकल्यासारखा दिसत होता. पण समुद्र! विमानतळावरून गावात यावं आणि गावातला रस्ता संपावा तर समोर समुद्रच. मधे फक्त नारळाच्या झाडांची रांग आणि मैलभर रुंद वाटणारी वाळू. पाण्यात जर्मनांनी बांधलेल्या जुन्या धक्क्याचे गंजके खांब उभे. आणि किनाऱ्याने पश्चिमेला चालत गेलं की देशच संपतो. फाटक, शिपाई आणि पलीकडे घाना. राजधानी सीमेला एवढी चिकटलेली की बाई म्हणाल्या, "बिछान्यावरून पडेल एक दिवस."

मोटरसायकली हीच तिथली टॅक्सी. मी चारचाकी शोधत होतो तोवर बाई एका पोराच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या, मांडीवर काठी आणि डबा. मी ओरडलो. त्या हात हलवत निघून गेल्या. मला दुसरा धक्का तो. हाउन्सलोत हीच बाई बसचा ड्रायव्हर ब्रेक जोरात दाबतो म्हणून कौन्सिलला पत्रं लिहीत असे.

फ्रेंच त्या शिकून आल्या होत्या, कॅसेटवरून. पण ती कॅसेट डॉक्टरांसाठी होती. त्यामुळे कुठे दुखतं आणि कधीपासून, एवढंच त्यांना विचारता येई. तेवढ्यावर त्यांनी शहर जिंकलं. बाजारात कापडाच्या गठ्ठ्यांवर राणीसारखी बसलेली एक धिप्पाड विक्रेती होती. बाईंनी तिला कुठे दुखतं विचारलं, तिने खांदा दाखवला, आणि पुढला अर्धा तास बाई तिचा खांदा फिरवत होत्या. कापड फुकट मिळालं. मासेमारांचंही तसंच. सकाळी तीस-चाळीस माणसं एक लांबच लांब दोर धरून, गाणं म्हणत, समुद्रातून जाळं ओढत. दुसऱ्या दिवशी ती सगळी बाईंना कंबरा दाखवत होती.

त्याच मासेमारांनी सांगितलं, शहरासमोरच्या पाण्यात पाय घालू नका, ओढ फार वाईट आहे, धरते ती सोडत नाही. पूर्वेला गावाबाहेर मात्र खडकांची एक लांब भिंत किनाऱ्याला समांतर धावते आणि तिच्या आतलं पाणी तळ्यासारखं शांत असतं. आम्ही तिथे गेलो. झावळ्यांचा एक आडोसा होता कपडे बदलायला. माणूस दिसेना. बाईंनी पाण्याकडे बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि अंगावरची शाल घट्ट केली.

"आधी खात्री," त्या म्हणाल्या.

असे पाच दिवस गेले. रोज सकाळी डबा घेऊन जायचं, शालीत बसायचं, खात्री करायची आणि डबा घेऊन परतायचं. सहाव्या दिवशी बाईंनी ठरवलं की खात्री मुळापासून करू. बाजारामागे एका सिंधी गृहस्थांचं दुकान होतं. पापडापासून प्रेशर कुकरपर्यंत सगळं मिळे. बाई काठी टेकत आत गेल्या आणि दबक्या आवाजात, इकडेतिकडे बघत, हिंदीत विचारलं, "भाईसाब, यहाँ कोई महाराष्ट्रीयन है? एक भी?"

गृहस्थ हळवे. त्यांनी बाईंच्या हातात वेलदोड्याची पुडी ठेवली. "पता करता हूँ, माताजी."

"पक्का पता कीजिए," बाई म्हणाल्या. "मुझे जानना बहुत ज़रूरी है."

बाहेर पडताना त्या गृहस्थांनी मला विचारलं, सकाळी माताजी कुठे असतात? आणि मी, माझ्या बुद्धीला मीच नमस्कार करतो, त्यांना खडकांची जागा नीट खुणेसकट सांगितली, वर बाई नागपूरच्या आणि आम्ही हाउन्सलोहून आलो हेही.

सातव्या दिवशी दुकानातून काहीच निरोप नव्हता. "म्हणजे नाहीच कोणी," बाई म्हणाल्या आणि डबा घेऊन आडोशात गेल्या. मी पाठ करून उभा. आतून चिठ्ठ्या तोडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग "वळ."

मी वळलो आणि, सुरुवातीला सांगितल्याप्रमाणे, बसलो.

चौथा पोशाख, सर्वांत मोठा. त्यातून बाहेर आलेले बाईंचे हातपाय असे पांढरेफटक की जणू तेही इतकी वर्षं डब्यातच होते. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. उरलेले तीन पोशाख डब्यात तसेच उघडे ठेवून बाई काठीने पाण्याकडे निघाल्या. गुडघाभर पाण्यात काठी माझ्याकडे दिली. आणि थांबल्या.

एक लाट आली, गेली. "नागपूरचं शरीर आहे रे हे," त्या हळूच म्हणाल्या. "याला नाही जमायचं. चल."

माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे. "डॉक्टर, दहापासून उलटे मोजा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी खोली गेलीच. मग समुद्राकडे तोंड केलं.

"दहा. नऊ. आठ."

सातला बाई पाण्यात बसल्या. गळ्यापर्यंत. आणि हसल्या. ते हसणं सोळा वर्षांच्या मुलीचं होतं. पुढच्या प्रत्येक लाटेला बाई ओरडत होत्या, "आली! आली बघ!" मी काठी धरून किनाऱ्यावर उभा, आणि माझे डोळे धुळीने भरून आले असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात हॉर्न वाजला.

वाळूच्या कडेला एक पांढरी गाडी उभी राहिली. तिच्यातून पन्नाशीचे एक गृहस्थ उतरले आणि त्यांनी हात धरून एका बारीकशा आजींना उतरवलं. आजींच्या अंगावर नऊवारी, वर स्वेटर, पायांत मोजे, हातात स्टीलचा डबा.

"नागपूरच्या ताई कुठं आहेत?" गृहस्थांनी मराठीत, अगदी खणखणीत मराठीत विचारलं.

माझ्या हातातली काठी पडली.

गृहस्थ अकोल्याचे. औषधांच्या कंपनीत मॅनेजर, चार वर्षं लोमेत. आई तीन महिन्यांसाठी आलेल्या. आदल्या संध्याकाळी सिंधी दुकानदाराने त्यांच्या घरी जाऊन सांगितलं होतं की, एक म्हातारी आपल्या माणसांसाठी फार झुरते आहे, बाजारात सगळ्यांना विचारत फिरते आहे. "आईनं पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली," गृहस्थ म्हणाले. "तुम्ही हाउन्सलोचे, असं कळलं. माझी सख्खी आतेबहीण स्टॅनमोरला असते. मंडळाची खजिनदार! तिला फोटोच पाठवतो." आणि त्यांनी खिशातून कॅमेरा काढला.

मी पाण्याकडे बघितलं. पाण्यावर फक्त एक डोकं दिसत होतं.

मी पळत काठापर्यंत गेलो. "डॉक्टर, अकोला आलंय. स्टॅनमोरची आतेबहीण आहे."

"जायला सांग."

मी परत आलो. "डॉक्टर म्हणतात, तुम्हाला उशीर होईल."

"छे हो! आज सुट्टीच घेतलीय. होऊ दे त्यांचं आरामात." दोघं वाळूत बसले. आजींनी खिचडीचा डबा मांडीवर घेतला. त्यांच्या शेजारीच बिस्किटांचा डबा उघडा पडलेला होता.

वीस मिनिटं गेली. भरती चढायला लागली होती. खडकांच्या भिंतीवरून आता पाणी आत उडत होतं, आणि प्रत्येक लाटेला ते डोकं थोडं खाली जाऊन उशिरा वर येत होतं. त्या हिपने काठीशिवाय उठणं शक्य नव्हतं. मी टॉवेल आणि काठी घेऊन चपलांसकट पाण्यात शिरलो.

बाईंचे ओठ निळे पडले होते. "किती आहेत?"

"दोन. आणि एक कॅमेरा."

बाईंचे ओठ हलत होते. मला वाटतं त्या उलटे मोजत होत्या. सातला थांबल्या असाव्यात.

"काठी दे," त्या म्हणाल्या.

मी टॉवेल पुढे केला.

"टॉवेल राहू दे. काठी मागितली मी."

आणि बाई उठल्या. निळ्या पोशाखात, निथळत, ताठ, एका पायाने लंगडत, ऑपरेशन थिएटरमध्ये शिरल्यासारख्या त्या सरळ त्या दोघांसमोर चालत गेल्या आणि उभ्या राहिल्या. "नमस्कार," म्हणाल्या. "मीच ती नागपूरची."

गृहस्थ झटकन आभाळात बघायला लागले. आभाळात काही नव्हतं. कॅमेरा त्यांच्या हातात तसाच.

आजी मात्र बघत होत्या. बाईंच्या पायांपासून सुरू करून सावकाश वर. गुडघे, किनार, दंड, चेहरा. कपाळ. आणि कपाळाच्या वर, खांद्यापर्यंतच्या ओल्या पांढऱ्या केसांवर आजींची नजर जाऊन थांबली. बाईंचा हात आपोआप केसांकडे गेला. अडुसष्ट वर्षांची बाई ती, पण हात शाळकरी मुलीचा होता.

लांबवर मासेमारांचं गाणं चाललं होतं.

मग आजींनी नजर खाली आणली. शेजारच्या बिस्किटांच्या डब्यात हात घातला. सर्वांत खालचा, सर्वांत लहान, चिठ्ठीसकट कोरा पोशाख बाहेर काढला. दोन बोटांनी कापड ताणून बघितलं. स्वेटरवरून अंगाला लावून बघितला.

"आई," मुलगा आभाळाकडे बघतच म्हणाला, "आई, खिचडी देऊन निघू आपण. फोटो नंतर..."

"तो कॅमेरा खिशात टाक आंधी!" आजी कडाडल्या, आणि मग सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात बाईंना विचारत्या झाल्या, "बाई वो, हा माह्या मापाचा हाये ना?"